आई घाऊक नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मातृदिनाचा लेख वाचला. सगळं श्रेय अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या पदरात टाकून लेखक मोकळे! विल्सनसाहेबांनी १९१४ मध्ये जाहीरनाम्यावर सही केली, एवढंच. १९०८ मध्ये तिकडच्याच ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिल्या मातृदिनाला आईच्या आवडीची पाचशे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली ती अ‍ॅना जार्विस यांनी. १९१२ मध्ये त्यासाठी संस्था काढली तीही त्यांनीच. आणि त्यांच्या आईने तर १८५८ पासूनच बायकांची मंडळं काढली होती. औषधाला पैसे जमवायचे, दूध तपासायचं, क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या घरी कामाला बाई लावून द्यायची. पुरवणीत तिच्यासाठी एक ओळ नाही. लेखाखाली निम्मं पान केकच्या जाहिरातीला मात्र आहे.

अ‍ॅनाबाईंचा हट्ट होता, 'मदर्स डे' या इंग्रजी नावातली आई एकवचनातच हवी. ज्याने त्याने आपापल्या आईचा दिवस पाळायचा, घाऊक नव्हे.

आता आमच्याकडचं घाऊक सांगतो. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका संस्थेने माझ्या आईला 'आदर्श माता' म्हणून बोलावलं. अशा एकूण एकावन्न. मिरजकर तिकटीला फलक लागला, त्यावर अध्यक्ष पुरुषभर आणि आया तिकिटाएवढ्या. दुपारी चारला बोलावलं, पाहुणे उगवले सहाला. एक्याऐंशी वर्षांची बाई ठेवणीतली इरकल नेसून, हातात २९ नंबरची चिठ्ठी धरून बसलेली. निवेदक ओरडला, "एकोणतीस, चला पुढं!" नाव घेतलंच नाही. शाल पडली, नारळ आला, फोटो झाला. पायऱ्या उतरताना एका कार्यकर्त्याने तिच्या खांद्यावरची शाल हळूच काढून घेतली. शाली कमी पडल्या होत्या म्हणे. तीच पुढे तिसाव्या नंबरला!

रिक्षात आई म्हणाली, "नारळ तेवढा राहू दिला बघ."

दुसऱ्या दिवशी आपल्याच अंकात त्या 'दिमाखदार सोहळ्या'ची तीन कॉलमी बातमी होती. फोटोत अध्यक्ष, पाहुणे आणि शालीचं एक टोक.

आणि हो, कालची पुरवणीसुद्धा मी शेजाऱ्यांकडून मागून वाचली. सलग तिसऱ्या रविवारी आमच्या गल्लीत नुसता मुख्य अंक पडतोय. बिल मात्र पूर्ण येतं. वितरण विभागाला कळवावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर