अक्का, चार हजारी आणि अकरा बंडलं

अक्का,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवेल. तू तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलीस. मराठी फाडफाड बोलतेस, पण वाचताना अडतेस, हे आपल्या अख्ख्या बोळाला ठाऊक आहे. आणि तोंडावर आभार मानायला गेलं की तू काय म्हणतेस, तेही ठाऊक आहे. "आभार मानायला मी काय पाहुणी हाय का गं?" एवढं म्हणून वर चहा टाकतेस, जो मला अर्धा कपच चालतो. म्हणून यावेळी लिहून देते, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. आता तुला चहा टाकून विषय बदलता येणार नाही.

परवाच्या रविवारच्या पदयात्रेबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात त्याच्या आधीपासून करावी लागेल.

माझं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा, नऊच्या पुढे गेलं तेव्हा मला तो शब्दही नीट म्हणता येत नव्हता. वीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसले. जून जवळ आला की रात्रीचे दहा वाजायचे. पाठ दुखली की मेडिकलमधून गोळी आणायची, डोकं दुखलं की दुसरी. बीपी वाढलंय म्हणून एकदा सांगितलं होतं, तेव्हा महिनाभर औषध खाल्लं आणि बरं वाटलं म्हणून सोडून दिलं. किडनीच्या या रोगाची ही खोड फार वाईट, शेवटपर्यंत काही दुखत नाही. पाय सुजले तेव्हा मला वाटलं, उभं राहून सुजले असतील. तूच म्हणालीस, "हे उभं राहून न्हाई. आमच्या मालकांचे असेच सुजलेले. उद्याच्या उद्या चल."

तुझे मालक २००९ ला गेले. मागावर काम करणारा माणूस, दोन वेळचं भागवून डायलिसिसला पैसे कुठून आणणार? आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग त्यांनीच "बास" म्हटलं. सरकारची जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. तीन वर्षांचा फरक. पुढे २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि त्याच योजनेत आज माझं डायलिसिस फुकट होतं. माझं केशरी कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यात योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर तूच उभी होतीस. एक झेरॉक्स कमी पडली तर भर उन्हात जाऊन तूच आणलीस. तुझ्या मनात तेव्हा काय चाललं असेल, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

मग माझ्या डाव्या हाताला फिस्टुला केला. शीर आणि धमनी जोडतात, दीड-दोन महिन्यांत शीर फुगून जाड होते आणि मग तिच्यात सुया घालता येतात. सिस्टरनी सांगितलं, रोज सकाळी हात लावून बघायचं, आत घरघर लागली पाहिजे. घरघर थांबली तर तसंच दवाखाना गाठायचा. मला तो हात बघवत नव्हता. तू मात्र रोज सकाळी दारात यायचीस, विड्या वळून तंबाखूचा वास लागलेला तळवा माझ्या मनगटावर ठेवायचीस, कान दिल्यासारखं करायचीस आणि म्हणायचीस, "माग चालू हाय." पॉवरलूमच्या खटखटाटात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला त्या घरघरीची भीती कशी वाटेल? तुझ्यामुळे माझीही गेली. आता मीच उठल्या उठल्या हात लावते आणि मनात म्हणते, माग चालू आहे.

शेंगाचटणीचं मात्र मी तुला अजून माफ केलेलं नाही. सोलापुरात राहायचं आणि शेंगाचटणी नाही, यापेक्षा डायलिसिसच्या मशीनवर पाच तास बसवा. मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस, सगळं त्या एका चमच्यात निघालं. आहारवाल्या मॅडमनी कागद दिला आणि तू तो नातीकडून पाठ करून घेतलास. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी. केळं नको, शहाळं नको. आमच्या घरी चटणीचा वास आला की तू भिंतीपलीकडून हाक मारायचीस. मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला गेलेला, मला दिवसाला एक लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच आमटी. तेव्हा तू फ्रिजमध्ये बर्फाचे बारके खडे करून ठेवलेस. मोजून सहा. "एक खडा तोंडात धर, गिळू नको, विरघळू दे." मशीनला एका वेळी सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू कपाळावर हात मारलास. आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि इथं एक बाई चार तासांत एवढं पाणी संपवते, वर तिला प्यायला मात्र द्यायचं नाही!

तर पदयात्रा. जागतिक किडनी दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो, २००६ पासून. पण गुरुवारी माझी मशीनवर पाळी, मंगळवार-गुरुवार-शनिवार. बरं झालं, पदयात्रावाल्यांनी रविवार धरला. पाच किलोमीटर आणि अडीच किलोमीटर असे दोन गट. जमलेल्या पैशातून डायलिसिसच्या गरीब पेशंटना येण्याजाण्याचं भाडं देणार, असं पत्रकात होतं. ते वाचून मी थांबले. मशीनचं बिल योजनेत जातं, पण रिक्षाचं भाडं माझ्या खिशातून जातं, आठवड्याला सहा फेऱ्यांचं. माझ्या शेजारच्या खाटेवरचा दादा अक्कलकोटकडच्या खेड्यातून एसटीने येतो. एसटी चुकली की त्याचं डायलिसिस चुकतं. हे कळलेलं कोणीतरी तिथं आहे, म्हणून मला जावंसं वाटलं.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, बीपी बघितलं. म्हणाले, जा, पण सावकाश, दम लागला की बसायचं, आणि बरोबर कोणीतरी पाहिजे. घरी सगळ्यांनी नको म्हटलं. तू काहीच बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू तंबाखूची रिकामी पिशवी घेऊन कारखान्यात माल द्यायला गेलीस आणि परत आलीस तेव्हा ती खुळखुळत होती. दहा-दहा, वीस-वीस, काहींनी पाचच. दिवसभर वळून ज्यांच्या हजार विड्या होतात, त्या बायकांनी दिलेले. २,३४० रुपये. रविवारी सकाळी नोंदणीच्या टेबलावर तू ती पिशवी ठेवलीस तेव्हा तिथला मुलगा जरा गडबडला. त्याच्याकडे क्यूआर कोड होता, चिल्लर मोजायची सोय नव्हती. पिशवीला वासही होता. तू म्हणालीस, "मी मोजलेली हाय. तुला मोजायची तर मोज, मी बसते." आणि खरंच बसलीस. त्याने मोजले. एक रुपया कमी-जास्त नाही. बिचाऱ्याने पावती लिहून दिली, उठून नमस्कार केला. पावतीवर नाव कोणाचं लिहू विचारल्यावर तू म्हणालीस, "विडीवाल्या बायका." ती पावती माझ्या फाइलमध्ये आहे, रिपोर्टच्या वरच.

पाहुणे यायला उशीर, हे काही नवीन नाही. चार हुतात्मा पुतळ्यापाशी आपण पाऊण तास उभे. तेवढ्यात मी तुझ्या नातीला चारही नावं पाठ करायला लावली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले. तिला तीनच येत होती. भाषणं झाली. एकाने ऊन वाढतंय हे बघितलं आणि आपलं भाषण दोन मिनिटांत संपवलं, देव त्याचं भलं करो.

मग निघालो. पाच किलोमीटरवाले पळतच सुटले. तरणी पोरं, पांढरे टी-शर्ट. आपण मागे. पार्क चौकाच्या अलीकडेच माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मी म्हणाले, अक्का, मी इथंच बसते, तू जा. तू माझं कोपर धरलंस, उजवं, कारण डाव्या हाताला कुणी धरायचं नाही हे तू कधी विसरत नाहीस. आणि मोजायला लागलीस. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणतेयस. "इरवै ऐदु" झालं आणि तू म्हणालीस, "बंडल."

पंचवीस पावलांचं एक बंडल. चाळीस बंडलांची एक हजारी. मी तुझ्या तोंडाकडे बघतच राहिले. "अगं, मला हजारीशिवाय दुसरं काय मोजता येतंय? खाली बघ आणि चाल."

मी लंगडायला लागले की तू मध्येच म्हणायचीस, "हे छाट." पाय फरफटला की छाट. विड्या तपासणारा नीट न वळलेली विडी बाजूला काढतो, तिचे पैसे मिळत नाहीत. तुझ्या आयुष्यात किती छाट निघाले असतील आणि त्यातले किती खरे छाट होते, हे तू मला दुपारी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन पुष्कळदा सांगितलं आहेस. रविवारी तपासणारी तू होतीस, आणि कडक होतीस. मला हसू यायला लागलं. हसताना आणखी दोन पावलं छाटात गेली.

दुसरी हजारी किल्ल्याच्या तटाखाली पूर्ण झाली. तिथं सावलीत बसलो. तेवढ्यात स्वयंसेवकांचा एक मुलगा पळत आला, हातात पाण्याची बाटली. "मावशी, पाणी प्या, भरपूर प्या, किडनीला चांगलं असतं!" त्याच्या टी-शर्टवरही तेच छापलेलं. मी सकाळपासून तीन घोट घेतले होते. त्याचा दोष नाही. ज्याची किडनी धड आहे त्याने पाणी प्यावं हे खरंच आहे. आमच्यासारख्यांचं वेगळं असतं, प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, फुप्फुसात जातं, दम लागतो. तू त्याला उभ्याउभ्या सगळं समजावलंस. मशीन, वजन, एक लिटर, खडे. पोरगं तोंड उघडं ठेवून ऐकत होतं. शेवटी त्याने विचारलं, "मग मी त्यांना काय देऊ?" तू म्हणालीस, "हिला छत्री धर." त्याने परतीच्या वाटेवर खरंच छत्री धरली. कुठून आणली कोण जाणे. सिद्धेश्वराच्या बाजूने येताना तू मंदिराकडे बघून हात जोडलेस, पण तोंडातलं मोजणं थांबवलं नाहीस. सिद्धरामेश्वरालासुद्धा "पदिहेडु, पद्देनिमिदि" ऐकावं लागलं.

एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती इथं सांगते. तिसऱ्या हजारीत मी लांब बाहीचं ब्लाउज कोपरापर्यंत वर केलं. उकडत होतं म्हणून, बाकी काही नाही. दोन-तीन बायकांनी हाताकडे बघितलं. एकीने विचारलं, हे काय झालं? मी तिच्या बोटांना तिथं लावून दिलं, हळूच. ती दचकली. मी म्हणाले, माग चालू आहे. तिला काही कळलं नाही. तू मात्र ऐकलंस, कारण तुझं मोजणं एक क्षण चुकलं. तुझं मोजणं चुकलेलं मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

शेवटच्या पंधरा-वीस बंडलांत मला फारसं काही आठवत नाही. तुझा आवाज, छत्रीची सावली, पुढच्या माणसाच्या चपला. पुतळ्यापाशी पोचलो तेव्हा मंडप निम्मा उतरवून झाला होता. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. टाळ्या वाजवायला तो छत्रीवाला आणि तुझी नात, दोघंच. मेडल संपले होते. तू हिशेब सांगितलास: चार हजारी आणि अकरा बंडलं.

अक्का, मला भेटणारे लोक दोन तऱ्हेचे. काहीजण माझ्याकडे बघून डोळ्यात पाणी आणतात. काहीजण म्हणतात, काही होत नाही, धीर धर. तू यातलं काहीच केलं नाहीस. तू मला कामाला लावलंस. पाणी मोजायला, मीठ मोजायला, पावलं मोजायला. जसं तू मालक गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात सूप मांडीवर घेतलंस, तसं. त्याबद्दल हे पत्र आहे.

आणि तुझ्या नातीला इथं थोडं थांबून हसू दे, कारण पुढचं तिच्याबद्दल आहे. घरी आल्यावर तिने मोबाईल काढला. त्यात पावलं मोजायचं काहीतरी असतं. ती म्हणाली, "अव्वा, तू चुकलीस. तू म्हणतेस ४,२७५. मोबाईल म्हणतोय ४,४१२."

तू विडीचं पान कापता कापता वरही बघितलं नाहीस. म्हणालीस, "तुझ्या मोबाईलला छाट काढता येत न्हाई."

तुझी,
भिंतीपलीकडची