दिसेल तेवढीच कानस

ला शो-द-फों, स्वित्झर्लंड

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या लाखांच्या घड्याळात असतं तरी काय?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. आता सांगते, पण वाचून चिडाल.

ब्रिजची, म्हणजे आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीची, कड पंचेचाळीस अंशात मोडायची आणि आरशासारखी चमकवायची, याला इथे आंग्लाज म्हणतात. आधी कानस, मग बारीक दगड आणि शेवटी जेन्शियनच्या वाळक्या काडीला पेस्ट लावून घासायचं. जेन्शियन म्हणजे या ज्युरा डोंगरातलं पिवळ्या फुलांचं झाड. काडी आतून मऊ असते, त्यामुळे धातूवर ओरखडा उठत नाही. मशीनचं कटर गोल फिरतं, म्हणून आतल्या कोपऱ्यात गोलाई राहतेच. दोन कडा टोकाला टोक लावून भेटल्या असतील, तर ते हाताचं काम. तुम्ही डोळ्याला आयग्लास (भिंग) लावलात तर क्षणात सांगाल. इथले नावाजलेले घड्याळजी फिलिप ड्यूफूर यांचं 'सिम्प्लिसिटी' घड्याळ बघा, दादाला फोटो काढून द्यायला सांगा. दिसायला साधं तीन काट्यांचं, पण हौशी लोक त्याचे कोपरेच बघत बसतात.

आता चिडायची गोष्ट. मागे सर्व्हिसिंगला एक घड्याळ आलं. मोठ्या कंपनीचं, नाव लिहीत नाही. मागच्या काचेतून सगळं लखलखीत. डायल उतरवला तर खालच्या पत्र्यावर मशीनच्या रेघा तशाच आणि एका भोकाच्या कडेला चक्क बर (धातूची खरखरीत कोर) तशीच! तुमच्या हाताखालच्या पोराने असा पार्ट ठेवला असता तर काय झालं असतं, मला ठाऊक आहे. शेजारच्या बाकावरचे म्हातारे कारागीर खांदे उडवून म्हणाले, "तिथे गिऱ्हाईक बघत नाही."

हे एका दिवसात झालेलं नाही. 1969 च्या नाताळात जपानच्या सेइकोनं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यातल्या सुमारे 90 हजार कामगारांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा उरला. माणसं गेली, त्यांच्या बोटांतली विद्याही गेली. नंतर चावीचं घड्याळ परत आलं ते श्रीमंतांची चैन म्हणून. 2020 मध्ये इथली यांत्रिक घड्याळांची कारागिरी युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. (वारसा म्हणायची वेळ आली, यातच काय ते समजा.)

मशीनवर माझा राग नाही. सीएनसीची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची) अचूकता कुणाच्या हाताला यायची नाही, आणि वेळेच्या बाबतीत नवी घड्याळं जुन्यांना सहज मागे टाकतात. राग येतो तो जाहिरातीत भिंग लावलेला आजोबा दाखवून बिलात हाताचे पैसे लावतात त्याचा. घड्याळावर 'स्विस मेड' लिहायला 2017 पासून किमान 60 टक्के उत्पादनखर्च इथे व्हावा लागतो. हाताचं काम किती, हे त्यात कुणी विचारत नाही. जिनिव्हाचा 1886 पासूनचा शिक्का मात्र पॉलिशही तपासतो, पण तो त्याच कँटनपुरता, म्हणजे प्रांतापुरता.

त्यापेक्षा तुमची एचएमटी जनता परवडली. नटली नाही आणि नटल्याचे पैसेही घेतले नाहीत.

दादा जे सेकंडहँड स्विस घड्याळ घेतोय, त्याचे पैसे द्यायच्या आधी ब्रिजच्या आतल्या कोपऱ्यांचे फोटो मला पाठव म्हणावं, जवळून आणि उजेडात. दुकानदार मागचं झाकण उघडू देत नसेल तर घेऊ नकोस म्हणून सांगा.

आईला नमस्कार, छोट्याला पापा.

तुमची,
सुजू