पांगारा फुलेल त्या रविवारी : सावंतवाडीच्या हस्तकलांच्या कुटुंबदिनासाठी आवाहन

सावंतवाडीकर बंधू-भगिनींनो, आणि मुंबई, पुणे, गोवा इथे कामाधंद्यानिमित्त असलेल्या चाकरमान्यांनो, सप्रेम नमस्कार.

येत्या फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मोती तलावाजवळच्या शाळेच्या पटांगणात आम्ही गावकरी मिळून एक दिवस साजरा करतो आहोत. आजीपासून नातवापर्यंत अख्ख्या घराने यावं, बसावं, हाताने काहीतरी करून पाहावं, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. पैशांची तर हवीच, पण त्याहून जास्त काही वस्तूंची आणि माणसांच्या वेळेची.

संस्थानच्या आणि ब्रिटिश अमदानीत आपल्या गावाचं नाव कशामुळे होतं, हे आपल्याच मुलांना ठाऊक नाही. 1908च्या इम्पीरिअल गॅझेटिअरमध्ये सावंतवाडी संस्थानचे उद्योग दिले आहेत. लाखकामाची खेळणी, खेळायचे पत्ते, रेडा आणि गव्याच्या शिंगांच्या शोभेच्या वस्तू, कापडावरचं आणि चामड्यावरचं जरीकाम. शिवाय वाळ्याचे पंखे, टोपल्या आणि डब्या, त्यांवर जर आणि भुंग्याचे पंख लावून सजवलेल्या. यातली खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) टिकल्या. त्याचं मोठं श्रेय आपल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींना जातं. त्यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम दिलं, आणि सत्वशीलादेवी स्वतः गंजिफा शिकल्या. वाळ्याचे ते पंखे मात्र आज गावात बघायला मिळणं कठीण. कुणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत असा एखादा पंखा किंवा डबी असेल तर एका दिवसापुरती द्या. काचेच्या पेटीत ठेवू आणि संध्याकाळी तुमच्या हातात परत देऊ.

आता मुद्द्याची गोष्ट. आपली कला आणि आपलं रान वेगळं नाही. चितारआळीतली खेळणी पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची. हलकं, मऊ, कातायला सोपं लाकूड. गंजिफेसाठी कापडाचे थर चिकटवायचे ते चिंचोक्याच्या खळीने. चरकावर लाकूड गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान त्यावर धरलं की डोळ्यांदेखत चकाकी चढते. हे मुलांनी जवळून बघायलाच हवं. आणि बघताना त्यांनी विचारावं, की केवडा येतो कुठून? तो व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी येतो. काठ बांधून काढले, रस्ते रुंद केले, की केवड्याची बनं आधी जातात. पांगाऱ्याचंही तेच. कुंपणाला आता सिमेंटचे खांब आणि तार आली, मिरवेलीच्या आधाराला लावलेले जुने पांगारे गेले. लाकूड मिळेना म्हणून कारागीर आंब्याच्या लाकडाकडे वळले.

म्हणूनच फेब्रुवारी निवडला. पानं झडलेल्या पांगाऱ्याला तेव्हा लालभडक फुलं असतात आणि सकाळच्या वेळी मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची झुंबड उडते. सकाळी 7 वाजता पक्षी ओळखणारी जाणती मंडळी मुलांना घेऊन अशा झाडांखाली उभी राहतील. नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी एक फेरी होईल. नंतर पटांगणात चरक, रंग, कुंचले. दुपारी जेवणानंतर दशावतारी गंजिफा खेळायला शिकवू: 10 रंग, 120 गोल पानं. दिवसा डाव रामाच्या रंगाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या, हे ऐकून मुलांचे चेहरे कसे खुलतात ते बघाच.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. जमलेल्या रकमेतला पहिला वाटा कारागिरांच्या मानधनाला जाईल. दिवसभर काम सोडून येणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळ देऊन पाठवणं आम्हाला मान्य नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडता कामा नये. उरलेले पैसे लाकूड, लाख, रंग आणि जेवणाला. एका मुलाच्या साहित्याला साधारण 200 रुपये लागतील. एका मुलाचे द्या, पाच मुलांचे द्या, जमेल तसं. वाडीतल्या शाळांतली मुलं फुकट यावीत, त्यांच्या एसटीच्या भाड्याचाही भार आपणच उचलावा, असं ठरलं आहे. मंडप आणि भोंगे यांवर खर्च नाही. डीजे नाही, प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे स्टॉलही नाहीत. याबाबतीत कुणी आग्रह करू नये, ही नम्र विनंती.

वस्तूंमध्ये हवं ते असं: पडलेल्या किंवा आधीच तोडलेल्या पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड. त्यासाठी उभं झाड कुणी तोडू नका, विशेषतः फुलावर असलेलं तर नाहीच. केवड्याची पानं आदल्या दिवशी, काटे सांभाळून, बेतानेच काढलेली. घरचे चिंचोके, जुनं सुती कापड. जेवणासाठी तांदूळ, नारळ, सोलं. आणि ज्यांच्या परसात पांगारा आहे त्यांनी मे अखेरीस 2-4 खुंट द्यायचं आजच कबूल करावं. मृगाच्या पावसाला ते व्हाळाकाठी आणि शाळांच्या कुंपणांना लावू. खुंट सहज जगतो, पण पहिली दोन वर्षं गुरांपासून जपायला माणूस लागतो. आपल्या वाडीतली 5 झाडं मी बघेन, असं म्हणणारी घरं आम्हाला हवी आहेत.

मुंबईच्या मंडळींनो, गणपतीला आणि शिमग्याला तुम्ही येताच. यंदा हा रविवार धरून मुलांना घेऊन या. येणं जमलं नाही तर तुमच्या बंद घराच्या परसातला पांगारा आणि चिंच आम्हाला वापरू द्या, तेवढी एक चिठ्ठी शेजाऱ्याकडे पाठवली तरी चालेल.

रोख देणगीची पावती लगेच मिळेल आणि जमाखर्च कार्यक्रमानंतर आठवड्याभरात शाळेच्या फळ्यावर लागेल. केवड्याची पानं सोडून बाकी वस्तू फेब्रुवारीच्या 15 तारखेपर्यंत शाळेत आणून द्याव्यात. लाकूड जड असेल तर निरोप द्या, आमची पोरं टेम्पो घेऊन येतील.