आधी हात धुतला का? : शुगर ओपीडीतल्या ताईंचे आभार

नागपूर, मे महिना

ताई,
सप्रेम नमस्कार.

ओपीडीच्या दारामागच्या त्या छोट्या टेबलाशी बसून तुम्ही आम्हाला जे शिकवलं, त्याचे आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही "पुढचे कोण?" म्हणता. म्हणून हे पत्र. उघडं अशासाठी, की ज्यांच्या वाट्याला असं टेबल आलं नाही त्यांच्याही ते कामी पडावं.

डॉक्टर गोळी लिहितात, डोस ठरवतात. पण घरी मीटरवर २६० दिसलं की माणूस एक तर जेवण सोडतो, नाही तर मनानेच इन्सुलिनचे दोन युनिट वाढवतो. तुम्ही वेगळीच सवय लावली. आकडा आला की आधी त्याची चौकशी, आणि तीही ठरलेल्या क्रमाने: हात, मीटरची स्ट्रिप, इन्सुलिन, सिरिंज, टोचायची जागा आणि सगळ्यात शेवटी ताट. घरोघरी बरोबर उलटं चालतं. पहिला आरोप ताटावर, आणि लगेच ताट वाढणारीवर.

"काऊन जी, आधी हात धुतला का?" हा तुमचा प्रश्न सुरुवातीला शाळेतला वाटायचा. नागपुरात तो फार खरा आहे. संत्रं सोललेल्या बोटावर रसातली साखर राहते, आणि स्ट्रिपला लागतो तो रक्ताचा जेमतेम एक थेंब. त्यात बोटावरची साखर मिसळली की १३० च्या जागी अडीचशे-तीनशेही दिसू शकतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ती साखर पुरती जात नाही. नळाखाली साबणाने हात धुवायचे आणि कोरडे करायचे, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे अर्धं वर्ष हा घोळ घरात असतोच. टोचायचं बोटाच्या कडेला, मधल्या गादीवर नाही. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा झटकायचा, बोट पिळत बसायचं नाही.

स्ट्रिपचं थोडक्यात. त्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट लावून ठेवायच्या. उन्हातल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत नाही. मीटर चांगलं असलं तरी १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडे-तिकडे होणं मापात बसतं. लॅबमध्ये २०० असेल तर घरी १७० ते २३० मधलं काहीही येऊ शकतं. काल १८० आणि आज १९५ म्हणून रात्रभर जागायचं काही कारण नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि कित्येक घरांतली भांडणं मिटली.

खरा मोठा धडा इन्सुलिनचा. न उघडलेली शिशी २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजच्या दारात किंवा भाजीच्या खणात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला जसंच्या तसं असू शकतं, पण त्याचा भरवसा नाही, ते फेकायचं. चालू शिशी बहुतेक प्रकारांत २८ दिवस, लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर तेवढेच. १० मिलीच्या साध्या शिशीत ४०० युनिट असतात. रोज १० घेणाऱ्याचे २८ दिवसांत २८० संपतात आणि १२० उरतात. हे उरलेलं टाकताना जीव खाली-वर होतो, आणि नेमकं तेच पुढचे बारा दिवस वापरलं जातं. म्हणून उघडल्याची तारीख बॉलपेनने शिशीवर लिहायची.

आणि आपला मे. पारा ४५ वर असताना ज्या घरात फ्रीज नाही तिथे तुमचा माठ. एक मोठा, एक लहान, दोन्ही विनारंगाचे, भाजलेल्या मातीचे. लहान माठ मोठ्यात ठेवायचा, मधली फट रेतीने भरायची, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, वर ओलं सुती कापड. शिशी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या माठात, म्हणजे लेबल भिजत नाही. जागा सावलीतली, पण वारा लागणारी. बंद कपाटात हा माठ काही कामाचा नाही, कारण पाणी उडालं तरच गारवा येतो. कूलरचा हिशोब तोच. विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो छान चालतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत मंदावतो. आत पारा ३० च्या खाली राहतो का हे अंदाजावर न ठेवता थर्मामीटर टाकून बघायचं, आणि दुपारी तीन वाजता बघायचं, पहाटे नाही.

आता सिरिंज. इथे चुकलं तर जिवावर बेततं. शिशीवर ४० (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) लिहिलं असेल तर सिरिंजही ४० चीच, लाल टोपणाची. १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची येते. ४० च्या शिशीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट, आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे हैराण. उलट १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० पर्यंत भरलं तर जातात ५०. पेनच्या १०० च्या काडतुसातून सिरिंजने औषध ओढायचं नाही हा नियम त्यासाठीच. दुकानात घाईत कोणती सिरिंज हातावर पडली हे तिथेच उभं राहून वाचायचं.

दुधाळ दिसणारं ३०/७० चं मिश्र इन्सुलिन असेल तर शिशी तळव्यांमध्ये दहा वेळा फिरवायची, मग दहा वेळा उलटी-सुलटी करायची. खुळखुळवायची नाही, फेस होतो. न मिसळता घेतलं तर कधी पातळ जातं, कधी घट्ट, आणि डोस तोच असून आकडे नाचतात. हलवल्यावरही पांढऱ्या गुठळ्या राहिल्या किंवा काचेला बर्फासारखा थर धरला तर ती शिशी बाद. पेनवाल्यांनी दर वेळी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब बघायचा, आणि टोचल्यावर बटण दाबून धरून दहा मोजायचे.

पोटावर बोटं फिरवून बघायला तुम्ही लावलंत. ती मऊ, रबरासारखी फुगलेली जागा म्हणजे एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं टोचल्याची खूण. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि तिथून इन्सुलिन कधी उतरतं, कधी नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज आधीच्या जागेपासून बोटभर सरकायचं. पण गाठ सोडून ताज्या जागेवर आल्यावर जुनाच डोस जास्त लागू पडतो, शुगर एकदम घसरू शकते. म्हणून जागा बदलायच्या आधी डोसचं डॉक्टरांना विचारायचं. ही सूचना फार कमी जण देतात.

घसरण्यावरून. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पावडरचे तीन चहाचे चमचे पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आलं की अर्धी पोळी. पेढा किंवा संत्रा बर्फी नको, त्यातल्या तुपा-माव्याने साखर उशिरा पोहोचते. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं असेल तर घरातली साखरही वेळेवर कामाची नाही, कारण ती फोडण्याचं कामच या गोळीने अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोजच लागतं. ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांना एकदा वर आलेली शुगर काही तासांनी परत खाली जाऊ शकते. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना.

ताटाचं तुम्ही शेवटी काढलंत, तेही तराजू घेऊन. ३० ग्रॅम पीठ ज्वारीचं असो की गव्हाचं, कर्बोदकं वीसेक ग्रॅमच. आपल्याकडची थापलेली मोठी भाकर ६०-७० ग्रॅम पिठाची, म्हणजे दोन फुलक्यांच्या वर. "शुगरला भाकर चालते" म्हणून दोन खाल्ल्या की चार-पाच फुलके झाले. तर्री पोह्यांवरही बंदी घातली नाहीत. पहिल्या घासाच्या आधी एकदा आणि त्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा म्हणालात; फरक पन्नासच्या आत तर ती प्लेट आपली, नाही तर पुढच्या वेळी अर्धी. दर्दींनी अर्धी प्लेट आणि तर्री दोनदा असा मध्यम मार्ग काढला आहे. तो तुमच्या कानावर आला असेलच.

तीन महिन्यांच्या शुगरच्या तपासणीबद्दलचं (HbA1c) तुमचं बोलणं आम्ही कागदावरच घेतलं आहे. ती तपासणी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते, आणि पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणूनच तिला अर्थ आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात पेशी लवकर मरतात, आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर खोटा जास्त येऊ शकतो. विदर्भात सिकल किती आहे हे तुम्हाला काय सांगायचं. रिपोर्टवर ६.५ असा बरा आकडा आणि मीटरवर रोज दोनशे, असं दिसलं तर रिपोर्ट बघून खूश न होता डॉक्टरांना ते जोडीने दाखवायचं.

तुमच्या चौकशीच्या कागदात आम्ही एक रकाना वाढवला आहे: "सिकल आहे का? रक्त कमी आहे का?" मंगळवारी पन्नास झेरॉक्स घेऊन येतो. दाखवायच्या माठांपैकी लहान माठाला तडा गेला आहे, तोही नवीन आणतो. रेती मात्र तुम्ही जुनीच ठेवा, ती मुरलेली आहे.

तुमचे,
मंगळवारच्या शुगर ओपीडीतले पेशंट आणि त्यांच्या घरचे