सिस्टर, तुम्ही यांनाच विचारलंत

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या घरी तुम्ही जे केलंत ते अजून कितीतरी घरांत व्हायला हवं आहे.

यांचा कॅन्सर हाडांत पसरल्याचं कळल्यापासून सगळी बोलणी स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात चालायची. मुलगा म्हणे आणखी एक केमो, नणंद म्हणे वैद्यांना दाखवू. तुम्ही आलात, खुर्ची पलंगाशी ओढलीत आणि यांनाच विचारलंत, "काका, तुम्हाला काय हवंय?" ते लगेच म्हणाले, "दुखणं थांबवा, आणि मला घरातून हलवू नका." उत्तर त्यांच्याजवळ तयारच होतं.

मॉर्फीन म्हटल्यावर आम्ही सगळेच धास्तावलो होतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस वेळच्या वेळी द्यायचा, दुखण्याची वाट बघायची नाही, सोबत पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही, हे तुम्ही वहीत लिहून दिलंत. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीखाली चादरीची सुरकुती राहू द्यायची नाही, तोंड कोरडं पडलं की ओल्या गॉजने जीभ पुसून ओठही ओले करायचे, हे सारं माझा हात धरून शिकवलंत. जेवण सुटलं तेव्हा माझा जीव तुटायचा. "काकू, शरीरालाच आता अन्न नकोय, तुम्ही त्यांना उपाशी ठेवत नाही आहात," असं तुम्ही म्हणालात आणि मी वाटी-चमचा बाजूला ठेवून नुसती त्यांच्याजवळ बसू लागले. दुखणं आटोक्यात होतं, म्हणून ते बोलायचे. आमच्या लग्नात कुणाकडून किती उसने घेतले होते, हे त्यांना रुपयांसकट आठवत होतं! आम्ही दोघं पोटभर हसलो. ते दिवस आम्हाला तुमच्यामुळे मिळाले.

आता माझं. तुम्ही सांगितलेलं लिव्हिंग विल, म्हणजे पुढे स्वतः सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, मी केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, असं मी लिहिलंय. माझ्या वतीने कोणी बोलायचं तेही लिहिलंय. एक प्रत आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे दिली. मुलांना समोर बसवून वाचून दाखवलं. लेक रडली, मग तिनेच चार प्रश्न विचारले. बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाला उपचारांनी किती काळ जगवायचं, हा प्रश्न देशापुढे आला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका; हल्ल्यानंतर त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत, आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांना चाळीसहून जास्त वर्षं जपलं. तुमच्या पेशाबद्दल मला फार आदर आहे, तो यासाठीही.

सही केल्यापासून मला मोकळं वाटतंय. सकाळी टेकडीवर जाते, नातीला पेटी शिकवते, आणि म्हातारपणाबद्दल कुणी विचारलं तर विषय टाळत नाही.

आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना तुमच्याकडून हे सगळं ऐकायचंय. गुरुवारी दुपारी चारला आम्ही जमतो. सवड काढून नक्की या. प्रत्येकीचे प्रश्न तयार आहेत.

तुमची,
काकू