चांगला कान माझ्याकडे

प्रिय सिस्टर,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही. घातलेलं तुम्हाला खपणार नाही.

बारा वर्षं मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो नव्हतो. भांडण देवाशी नव्हतं, निदान सुरुवातीला तरी. मग आतून काहीतरी ओढायला लागलं. हे काय आहे, एवढंच मला कुणाला तरी विचारायचं होतं. एका धर्मगुरूंनी माझं वाक्य संपायच्या आत घड्याळ पाहिलं आणि हातात पत्रक दिलं. प्रार्थनागटाच्या एका म्होरक्याने तर डोक्यावर हात ठेवून देवाचा माझ्याबद्दलचा बेतच जाहीर केला. देव मला मठात बोलावत होता म्हणे! माझं लग्न झालंय का, एवढं तरी विचारायचं.

त्यानंतर तुम्ही. मी बोलायला लागलो आणि तुम्ही उठलात. मला वाटलं, झालं, इथेही वेळ नाही. तुम्ही खुर्ची उचललीत, वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवलीत आणि बसलात. 'या कानाने ऐकू येत नाही. आता पहिल्यापासून सांग.'

चांगला कान माझ्याकडे. सिस्टर, त्या खुर्चीची आठवण आली की अजून गळा दाटतो. पुढे तुम्ही जे सांगितलंत ते कदाचित पुस्तकातही सापडलं असतं. पण ते ऐकून घ्यायला मी तयार झालो, तो त्या क्षणी.

पाचारणाचं, म्हणजे देवाच्या हाकेचं, विचारलं तर तुम्ही उत्तर दिलंच नाहीत, १५२१ सालच्या एका मोडक्या पायाची गोष्ट सांगितलीत. स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जायबंदी झालेला, पुढे संत झालेला इग्नेशियस अंथरुणावर पडून शूरवीरांच्या कथा मागतो आणि घरात निघतात ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. दरबारी पराक्रमाची स्वप्नं तो तासन्‌तास रंगवतो, रंगवताना मजाही येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायचा विचार मात्र सरला तरी आनंद मागे ठेवून जातो. तुम्ही म्हणालात, 'विचार येताना गोड लागतो का ते बघू नकोस. गेल्यावर काय उरतं ते बघ.' आणि मन उजाड असेल तेव्हा आधी केलेला निश्चय मोडायचा नाही, हा इग्नेशियसचाच नियमही सांगितलात. त्या नियमाने मला दोनदा परत फिरण्यापासून अडवलंय.

मनपरिवर्तन म्हटलं की ओळखीचे लोक दचकतात, धर्म बदललास का विचारतात. माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालाय, आता काय बदलणार! आणि पाचारण हा शब्द मी लहानपणापासून ऐकला तो फादर-सिस्टर होणाऱ्यांसाठीच. वर्षातून एका रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि आपण सुटायचं. माझ्यासारख्या संसारी माणसालाही हाक येते, हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

धर्मगुरूंपुढे पापनिवेदन झालं. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

बायबलमधल्या शमुवेलाच्या गोष्टीत मला हल्ली एली जास्त आवडतो. डोळे अधू झालेला म्हातारा याजक. रात्री हाक ऐकून पोरगं, छोटा शमुवेल, एलीनेच बोलावलं समजून तीनदा धावत येतं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं की हाक देवाची आहे. तरीही देव काय म्हणणार हे तो स्वतः सांगत बसत नाही. 'बोल, तुझा दास ऐकत आहे' असं म्हणायला शिकवतो आणि पोराला परत झोपायला धाडतो. तुम्हीही मला तसंच धाडलंत.

घरी येऊन रोज पंधरा मिनिटं गप्प बसायला लागलो. मोठं काही ऐकू येईल अशी आशा होती. दर वेळी समोर यायचा तो धाकटा भाऊ, ज्याच्याशी मी सात वर्षं बोललो नव्हतो. हा विचार येताना मुळीच गोड लागत नव्हता, सिस्टर. उरायचा मात्र.

गेल्या रविवारी मिस्सेनंतर त्याला फोन केला. त्याने उचलला. दोन-तीन मिनिटं बोललो असू, त्यातही निम्मा वेळ दोघं गप्पच. ठेवताना म्हणाला, 'परत कर.'

तुमचा,
बारा वर्षं उशिरा आलेला