'जसे आहे तसे'मध्ये चेसिस नंबर बसतो का?

प्रति,
मा. संपादक

महोदय,

मार्चअखेर जवळ आली की आपल्या आतल्या पानांवर वाहन लिलावाच्या जाहीर नोटिसा वाढतात. पोलिस ठाण्याच्या आवारातली बेवारस वाहने, कर थकल्यामुळे आरटीओने अडकवलेल्या गाड्या, बँकेने ओढून आणलेल्या, एखाद्या खात्याने निर्लेखित केलेल्या, म्हणजे वापरातून काढलेल्या, जीप. प्रत्येक नोटिशीत 'चेसिस नंबर', म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा ओळखक्रमांक, असा रकाना असतो. त्यात आकडा असतो तो आरसी बुकातला किंवा जुन्या पंचनाम्यातला. तोच आकडा लोखंडावर आहे का, कोणी वाचला, कधी वाचला, याचा पत्ता नसतो. शेवटी 'वाहने जसे आहे, जेथे आहे या तत्त्वावर विकली जातील' ही ओळ असतेच. इंजिन जाम आहे, टायर गेले आहेत, सीट उंदरांनी खाल्ली आहे, हे सगळे त्या ओळीत खपते. पण ही गाडी नेमकी कोणती, हा प्रश्न त्या ओळीत बसत नाही.

पूर्वी याने फारसे बिघडत नव्हते. भंगारवाला ढीग उचलायचा आणि माल जालन्याच्या भट्ट्यांत जायचा. आता जुन्या लो-बोनेट जीपला, राजदूत ३५० आणि १९९६ मध्ये बंद झालेली आरएक्स-१०० या मोटारसायकलींना हौशी गिऱ्हाईक आहे, आणि पैसे मोजायची त्याची तयारीही आहे. त्यामुळे भाव गाडीइतकाच कागदाला आला. गाडी मेलेली, कागद जिवंत. तो कागद मग दुसऱ्याच गाडीला चढवला जातो. ती दुसरी गाडी कधी चोरीची असते, कधी भंगारात विकलेली, कधी चार गाड्यांचे अवशेष जोडून उभी केलेली.

ही लबाडी दोन प्रकारे होते. पहिल्यात जुना नंबर ग्राइंडरने घासून त्यावर हातपंचाने, म्हणजे हातोड्याने ठोकायच्या ठशाने, नवा पाडतात. दुसऱ्यात मूळ गाडीच्या चेसिसचा नंबर असलेला तुकडा कापून दुसऱ्या चेसिसवर वेल्डिंगने बसवतात. हा दुसरा प्रकार ओळखायला अवघड, कारण आकडे कारखान्याचेच असतात, त्यामुळे नुसते आकडे तपासून काही हाती लागत नाही. नंबर जुळत नाही म्हणजे लबाडीच, असेही नाही. गंजाने आकडा जातो, खात्याच्या वर्कशॉपमध्ये चेसिस बदललेली असते, कारकुनाने शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' लिहिलेला असतो. हा शेवटचा प्रकार तर सर्रास आढळतो.

इथे एक गैरसमज आधी दूर करावा लागेल. हल्ली कोणीही मोबाइलवर चेसिस नंबर टाकतो आणि 'अवैध' असे उत्तर आले की गाडी बोगस ठरवतो. सतरा अक्षरांचा नंबर अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. आपल्याकडे तो रुळायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. त्यामुळे १९६८ च्या जीपचा किंवा १९७५ च्या बुलेटचा नंबर आखूडच असणार. उलट तेवढ्या जुन्या गाडीवर सतरा अक्षरे सापडली तर सावध व्हावे. सतरा अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरतच नाहीत. कागदावर ती दिसली तर लिहिणारा चुकला आहे किंवा नंबर बनावट आहे. नववा आकडा हिशेबाने पडताळता येतो तो अमेरिकी गाड्यांचा. आपल्याकडे ती सक्ती नाही, म्हणून परदेशी संकेतस्थळाने आपल्या गाडीचा नंबर नाकारला तरी घाबरण्याचे कारण नाही. नव्या गाड्यांत पहिली तीन अक्षरे कारखाना सांगतात: एमए३ मारुती, एमए१ महिंद्रा, एमएटी टाटा, एमडी२ बजाज, एमई३ रॉयल एनफिल्ड. टाकीवर एक नाव आणि नंबरात दुसराच कारखाना असेल तर पुढे बोलायचे कारण उरत नाही.

आता पाहणीच्या दिवशी काय करावे. बहुतेक लोक गाडीभोवती एक फेरी मारतात, किक मारून बघतात आणि अनामत भरतात. बैल घेताना तोंड उघडून दात मोजणारा आपला माणूस जीप घेताना चेसिसखाली वाकत नाही, याचे नवल वाटते. सोबत थिनर, सुती चिंधी, पितळी तारेचा ब्रश, टॉर्च, भिंग, छोटे लोहचुंबक, पातळ कागद आणि मऊ शिसाची पेन्सिल एवढे न्यावे. पॉलिश पेपर आणि ग्राइंडर अजिबात नेऊ नये. घासलेल्या नंबरावर तुम्हीही घासलेत तर उद्या तुमच्यावरच संशय येईल. पाहणीला हजर असलेल्या कर्मचाऱ्याला विचारून नंबराची जागा थिनरने पुसावी, ब्रश हलक्या हाताने फिरवावा. टॉर्च समोरून न धरता पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. आडव्या उजेडात ग्राइंडरच्या समांतर रेघा सावलीसह उठून दिसतात. त्याच रेघा समोरच्या उजेडात दिसत नाहीत.

मग पेन्सिल प्रिंट घ्यावी. कागद घट्ट दाबून शिसाची कड एकाच दिशेने फिरवावी. आकडे एका ओळीत आहेत का, त्यांतले अंतर सारखे आहे का, खोली सारखी आहे का, हे डोळ्यांपेक्षा प्रिंटवर चांगले कळते. हातपंचाचा आकडा एका कडेला खोल आणि दुसऱ्या कडेला उथळ पडतो, कारण हातोडा सरळ बसत नाही. कुठे दुहेरी कड दिसते. तीनचा आठ, पाचचा सहा, एकचा चार, शून्याचा आठ हे नेहमीचे बदल. त्या आकड्यांवर भिंग धरावे. एकाच नंबरात चार हा आकडा दोनदा असेल तर दोन्हींची घडण सारखीच हवी.

तुकडा बसवलेला असेल तर आकड्यांच्या आजूबाजूला चार ते सहा इंचांवर वेल्डिंगची शिवण शोधावी. वरून ती पुट्टीने झाकतात. लोहचुंबक जिथे ढिला धरतो तिथे पुट्टी. पन्हाळीसारख्या चेसिसच्या आतल्या बाजूने हात फिरवला तर उंचवटा लागतो, कारण आतली शिवण घासायला फार कमी लोक बसतात. गंजही बोलतो. साठ वर्षांच्या चेसिसला सगळीकडे खड्डे पडले आहेत आणि नंबराची जागाच तेवढी गुळगुळीत आहे, असे होत नाही.

जीपबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल, कारण सर्वांत जास्त थापा तिथेच चालतात. प्रत्येक जुनी जीप 'वर्ल्ड वॉरची' असते. महायुद्धातल्या विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपांच्या पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा असतात, नंतरच्या नागरी सीजे जीपला सात. हाय-बोनेट सीजे-३बी बाजारात आली १९५३ मध्ये. तिचे इंजिन उंच म्हणून बोनेट उंच. त्यामुळे हाय-बोनेट जीपचा महायुद्धाशी संबंध लावणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. आपल्याकडे महिंद्राने विलीस जीपची जुळणी सुरू केली तीही युद्ध संपल्यावर. विलीस आणि फोर्ड यांतला फरक पुढच्या आडव्या दांड्यावर कळतो: विलीसचा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. विलीसचा चेसिस नंबर डाव्या पुढच्या टोकाला आतून रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो, फोर्डचा डाव्या बाजूच्या चेसिसवर वरून पंच केलेला. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यावरही 'एफ' असतो. पुढचा दांडा गोल नळीचा आणि कागदावर फोर्ड, असे असेल तर दोहोंपैकी एक खोटे आहे. डॅशबोर्डवरच्या माहितीपट्टीवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. कोऱ्या नकली पट्ट्या परदेशात उघड विकत मिळतात, त्यावर हवा तो आकडा पाडता येतो. रिव्हेट बघावे, जुन्या पट्टीला नवे चकचकीत पॉप रिव्हेट किंवा चक्क स्क्रू असतील तर ती कधीतरी निघालेली आहे.

इंजिनाचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणे ही जुनीच रीत. त्यात चोरी असेलच असे नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. नोंद नसेल तर नाव बदलताना अडते.

कागदाचीही जन्मपत्रिका बघावी. एमएच-२०, एमएच-२४, एमएच-२६ ही पद्धत १९८९ मध्ये आली. १९६५ च्या गाडीला असा नंबर असेल तर ती उशिरा किंवा पुन्हा नोंदलेली आहे. लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचे तसे होतेही, मात्र मग त्या लिलावाचा कागद मागावा. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. १९७० च्या मूळ नोंदीवर 'जिल्हा लातूर' असा शिक्का दिसला तर तो शिक्का कागदापेक्षा लहान वयाचा आहे. जुन्या रजिस्टरवरून संगणकात मागाहून चढवलेली नोंद, म्हणजे बॅकलॉग, असेल तर मूळ रजिस्टरचा उतारा मागितल्याशिवाय राहू नये. चोरीची तपासणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून होते. तीही आधी लोखंडावरच्या नंबराने करावी, मग कागदावरच्या.

सरकारी लिलावात घेतलेली गाडी नावावर करण्यासाठी नमुना ३२ मध्ये अर्ज करायचा, ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत. सोबत आरसी आणि विमा, विक्री कायम झाल्याचे अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत. ही शेवटची प्रत लिलावाच्या दिवशीच मागून घ्यावी, नंतर ती मिळवताना चपला झिजतात. केंद्रीय मोटार वाहन नियम ५७ मध्ये एक सोय आहे, जी एजंटही सांगत नाहीत: गाडीला नोंदणी क्रमांकच नसेल किंवा पडताळणीत तो खोटा निघाला, तर आरटीओने आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावे नवा क्रमांक द्यायचा आणि मग खरेदीदाराच्या नावे हस्तांतर करायचे. हे फक्त सरकारी लिलावापुरते. बँकेच्या किंवा खासगी लिलावात नमुना ३२ चालत नाही. तिथे बँकेने आधी नमुना ३६ ने आरसी स्वतःच्या नावे करून घेतली आहे का ते बघावे, मग हस्तांतराचे नेहमीचे नमुने २९ आणि ३०.

पन्नास वर्षांपुढच्या गाडीला जुलै २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते, शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण चेसिसमध्ये बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. नंबराचा तुकडा कापून बसवणारा ती वाटही बंद करतो.

प्रामाणिक माणूसही यात सापडतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९५९ ची एक कॉर्व्हेट मोटार पोलिसांनी जप्त केली, कारण दुरुस्ती करताना कोणीतरी नंबराची पट्टी काढून पुन्हा लावली होती. मालक निर्दोष, तरी गाडी वर्षानुवर्षे अडकली. २०२२ मध्ये तिथे कायदाच बदलावा लागला. आपल्याकडे तर फ्रेम सरळ सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला जाते. वाळूच्या माऱ्याने उथळ आकडे पुसट होतात आणि कोटिंगचा थर उरलेले बुजवतो. आधी मोजपट्टी ठेवून नंबराचे फोटो घ्यावेत, पेन्सिल प्रिंट घ्यावी, ब्लास्टिंगला त्या जागेवर जाड रबरी पट्टी लावावी आणि कोटिंगला उष्णता सोसणारी टेप, कारण ते सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला भाजतात. नंबर पुसट झाला म्हणून मिस्त्रीने 'जरा ठळक करून देतो' म्हटले तर हात धरावा. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय पाडलेला आकडा, बरोबर असला तरी, संशयितच.

घासलेला नंबर पूर्णपणे जातो असे नाही. पंच बसताना आकड्याखालचे लोखंडही दाबले जाते. वरचा थर घासला तरी तो दाब खाली राहतो आणि तांब्याचे क्लोराइड व आम्ल यांच्या मिश्रणाने ती जागा आजूबाजूपेक्षा वेगळी झिजते, आकडा पुन्हा दिसतो. छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. हे काम तिचे, घरी कोणी करू नये. एकदा चुकीचे आम्ल लावले की पुरावा गेला.

म्हणून लिलाव करणाऱ्या कार्यालयांना विनंती की नोटिशीसोबत प्रत्येक वाहनाच्या चेसिस नंबराचा फोटो आणि पेन्सिल प्रिंट पाहायला ठेवावी, ती कोणी घेतली त्याची सही व तारीख असावी आणि वाहन नोंदणीयोग्य म्हणून विकले जात आहे की भंगार म्हणून, हे ठळक लिहावे. भंगार म्हणून जाणाऱ्या वाहनाची नोंदणी आधी रद्द व्हावी आणि नंबराचा तुकडा कापून कार्यालयाने ताब्यात ठेवावा. अधिकृत भंगार केंद्रांना असा तुकडा जपण्याचे बंधन आहेच. नंबर जुळला नाही तर अनामत परत मिळेल, अशी अट छापावी. आणि शेऱ्याच्या रकान्यात 'चेसिस नंबर दिसून येत नाही' असे लिहिलेले वाहन प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय चालू वाहनांच्या यादीत टाकू नये.

आपला,
एक वाहन सर्वेक्षक, छत्रपती संभाजीनगर
(नाव छापू नये, ही विनंती)